धंदा करायचाय? मग आधी एका पानाचा सीव्ही लिहा



"सर, मला दालमिल टाकायची आहे, सीव्ही कशाला?" असं तुम्ही म्हणाल. सरळ सांगतो. दालमिल टाकायची तर आधी वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या दालमिलमध्ये काम करा. तुरीला उतारा किती पडतो, चुनी कोण घेतं, आडत्याचे पैसे किती दिवसांत द्यावे लागतात, हे लातूरच्या एमआयडीसीत पगार घेऊन शिकता येतं. नांदेडला हळदीच्या व्यापाराचं तेच. पण आत शिरायला मालकाच्या हातात कागद द्यावा लागतो.

आपल्याकडं हा कागद झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो. तिथं एक फाइल आधीच असते, नाव बदललं की झाला बायोडाटा. जात, धर्म, उंची, छंद क्रिकेट. अहो, हा लग्नाचा बायोडाटा झाला! यातलं काहीच लागत नाही. आधार आणि पॅन नंबर तर मुळीच टाकू नका, हा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर कुठं कुठं फिरेल सांगता येत नाही.

वर नाव, मोबाइल, गाव. खाली दोन ओळींत तुम्हाला काय काम येतं ते. लातूर पॅटर्नच्या मुलखात दहावीचे टक्के सगळ्यात वर लिहायची सवय आहे. लिहा, पण शेवटी.

खरी गंमत कामाच्या ओळीत आहे. "आडत दुकानाचा २ वर्षांचा अनुभव" यातून मालकाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: "मार्केट यार्डात आडत दुकान, २ वर्षे. सीझनला रोज ५०-६० पट्ट्या केल्या, टॅलीत नोंदी, हमाल-मापाडींचा हिशोब त्याच दिवशी मिटवला." आकडा तुमचा खरा टाका, फुगवू नका. यार्ड लहान असतं. मालक फोन लावून विचारतो, "तो पोरगा तुमच्याकडं होता का?" घरच्या किराणा दुकानात बसला असाल तर तोही अनुभवच, लाजू नका.

आता अवघड जागा. आपल्या भागातली कितीतरी पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला तीन-चार वर्षं काढून परत येतात आणि सीव्हीत ती वर्षं गाळतात. मालक तारखा बघतो आणि मनात भलतंच धरतो. म्हणून स्पष्ट लिहा: "२०२१ ते २०२४, स्पर्धा परीक्षेची तयारी, पुणे." त्या काळात अभ्यासिकेचं काउंटर सांभाळलं, मेसचा हिशोब ठेवला, शिकवण्या घेतल्या, जे केलं ते खाली जोडा. "अपयश आल्यामुळे" वगैरे शब्द नकोत, कुणी विचारलेलं नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कुठं काम केलं असेल तर तेही लिहा. विद्यावेतन ६ हजार होतं का १० हजार, ते महत्त्वाचं नाही. टेबलावर काय काम केलं, ते महत्त्वाचं.

हाच कागद पुढं बँकेत कामाला येतो. पीएमईजीपीत उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत करता येतो, आणि १० लाखांच्या वर गेलात तर आठवी पास लागतं. शिक्षणाची अट एवढीच. पण कर्ज बँक देते, आणि मॅनेजर साहेब विचारतातच, "हे काम तुम्हाला येतं का?" तेव्हा "दालमिल, १८ महिने, ग्रेडिंग आणि डिस्पॅच" ही ओळ तुमच्या बाजूनं बोलते. प्रोजेक्ट रिपोर्ट सीए करून देतो, ही ओळ तो कुठून आणणार?

पाठवताना फोटो काढून पाठवू नका, पीडीएफ करा. फाइलला स्वतःचं नाव द्या, 'बायोडाटा नवीन फायनल २' नको. सोबत एक ओळ: "नमस्कार साहेब, तुमच्या मिलमध्ये सुपरवायझरच्या कामासाठी अर्ज पाठवत आहे." दोन दिवसांनी फोन करा, पण सौद्याची वेळ टाळून. त्या वेळेला मिलवाला घरच्यांचाही फोन उचलत नाही.