कागदावरचा बदली माणूस

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभा होतो. नुकतंच आय.एल.आर. मिळालेला एक तरुण मित्र म्हणाला, "दादा, नोकरी सोडून काँट्रॅक्टिंग करावं म्हणतोय. एजन्सीनं अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय. करून टाकू ना सही?" मी म्हटलं, "थांब!" पण तेवढ्यात मसालेभाताचं पातेलं पुढ्यात आलं आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हा लेख.

मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनियर. इथेच एम.एस्सी. केलं, काही वर्षं नोकरी केली आणि २०१४ साली स्वतःची लिमिटेड कंपनी काढली. पहिलंवहिलं अ‍ॅग्रीमेंट न वाचताच सही केलं. त्यात एक कलम होतं: मला जमलं नाही तर माझी कंपनी माझ्याऐवजी दुसरा इंजिनियर पाठवू शकेल. छानच वाटलं!

२०१६ मध्ये साताऱ्याला वडिलांची बायपास ठरली. माझ्याइतकाच अनुभवी मित्र तीन आठवडे काम बघायला तयार होता. मॅनेजरला विचारलं, तर ते हसून म्हणाले, "ते कलम टॅक्सवाल्यांसाठी असतं. आम्हाला तूच हवास." काम हातचं जाईल या भीतीने मी थांबलो. ऑपरेशन झाल्यावर नवव्या दिवशी घरी पोचलो. वडील काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

परत आल्यावर अकाउंटंटबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही नोकरच आहात, फक्त पगारी रजा नसलेले." ते काम आय.आर. ३५ च्या आत धरून नोकरदारासारखा टॅक्स भरला. घरातल्या किचनचं काम वर्षभर लांबलं. बायकोनं मला ते बरेच दिवस ऐकवलं!

आय.आर. ३५ हे नाव १९९९ च्या बजेटसोबतच्या ३५ नंबरच्या पत्रकावरून पडलं. नियम एप्रिल २००० पासून लागू झाला. प्रश्न साधा आहे. मधली तुमची कंपनी बाजूला काढली, तर तुम्ही क्लायंटचे नोकर दिसता का? त्याची कसोटी कोर्टं आजही १९६८ च्या रेडी-मिक्स काँक्रीटच्या एका खटल्यापासून सुरू करतात. काम स्वतःच करणं बंधनकारक आहे का, ते कसं करायचं हे कोण ठरवतं, आणि बाकीचं चित्र नोकरीचं आहे की धंद्याचं, हे पाहिलं जातं. आणि कागदावर काय लिहिलंय एवढंच बघत नाहीत. प्रत्यक्षात काय चालतं तेही बघतात.

पुढच्या वेळी दुधाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून ताकही फुंकून प्यायलो. सहीपूर्वी चार गोष्टी बोलून घेतल्या.

पहिली, बदली माणूस. त्याच्याकडे पात्रता नसेल तरच क्लायंटने नकार द्यायचा. त्याचे पैसे मी देणार. दुसरी, काम. "टीमला सांगेल ती मदत" हे शब्द काढून अमुक पुलाची ड्रॉइंग्ज, अमुक तारखेला, असं लिहून घेतलं. साइटवरचे सुरक्षेचे नियम अर्थात पाळायचे, पण वेळ आणि पद्धत माझी. तिसरी, पुढचं काम. ते देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही, घेण्याची माझ्यावर नाही. चौथी, जोखीम. ठरलेली किंमत, चुकलं तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, विमा आणि सॉफ्टवेअर माझं.

शिवाय एजन्सी आणि क्लायंट यांच्यातल्या करारातही हेच लिहिलंय का, ते विचारा. तिथे उलट लिहिलेलं असेल तर तुमचा कागद कमकुवत होतो.

एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटचा निर्णय ते स्वतःच घेतात. त्यांनी कारणांसह लेखी निर्णय द्यायला हवा. पटला नाही तर हरकत घ्या. ४५ दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. क्लायंट छोटा असेल तर निर्णय तुमच्या कंपनीचा, आणि चुकला तर भुर्दंडही तिचाच.

निर्णय "आत" असाच आला तर कलमांवर डोकं फोडू नका, रेटवर बोला. एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला आहे. अम्ब्रेला कंपनीमार्फत काम असेल तर तो बहुधा ठरलेल्या रेटमधूनच जातो. तेव्हा सांगितलेला आकडा त्याच्या आधीचा की नंतरचा, हे आधीच विचारा. आत असूनही क्लायंटकडून पगारी रजा मिळत नाही, हेही रेट सांगताना लक्षात असू द्या.

माझ्या त्या दुसऱ्या कामात एक आठवडा खरंच मित्राला पाठवलं. त्याचं बिल मी भरलं, आणि ते अजून फाइलमध्ये जपून ठेवलंय.

तर मित्रा, सही करण्यापूर्वी मॅनेजरला एकच विचार: "उद्या मला तीन आठवडे गावी जावं लागलं, तर माझ्या जागी दुसरा चालेल का?" उत्तर ऐक, आणि त्याच दिवशी ई-मेलवर लेखी मागून घे.