नवी लेन्स घेताय? आधी कॅमेरा पिशवीत घाला!

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल भिगवणला गेली होती. उजनी धरणाचं पसरलेलं पाणी, कोळीदादांची होडी, आणि समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांगच्या रांग! मी हौसेनं गळ्यातला कॅमेरा काढला आणि पंचवीस-तीस फोटो घेतले. घरी येऊन पाहते तो काय, सगळीकडे पाणीच पाणी, आणि मध्ये तांदळात खडे दिसावेत तसे गुलाबी ठिपके!

कॅमेरा चिरंजीवांचा. त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि हा बिचारा कपाटात पडला. दुपारच्या रिकाम्या वेळात मी तो शिकले. पण त्याच्यासोबत आलेली लेन्स १८-५५ची, म्हणजे घरातले समारंभ टिपायला छान, दूरच्या पक्ष्याला अपुरी. दूरचं जवळ आणायला टेलिफोटो झूम लेन्स हवी, एवढं मला कळलं. नेमकी त्याच महिन्यात माझी भिशी लागली. इतकी वर्षं भिशीच्या पैशातून कधी पडदे आले, कधी कुणाची फी गेली. या वेळी म्हटलं, एकदा तरी स्वतःसाठी!

एका दुकानात वापरलेली ७०-३०० लेन्स स्वस्तात मिळत होती. कॅमेऱ्याची आणि लेन्सची कंपनी एकच. मी फार चौकशी न करता पैसे मोजले. घरी आणून बसवली, ‘खट्’ असा छान आवाज झाला. पण बटण दाबलं तरी चित्र धूसर ते धूसरच. हातानं कडं फिरवून फोकस करावा, तोवर गच्चीवरचा कावळा उडून जाई.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांना सांगितलं. हे काहीच म्हणाले नाहीत, आणि बाई गं, तेच जास्त लागलं. सासूबाई मात्र कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, “अगं, कुकरची रिंग आणायला जातेस तेव्हा जुनी रिंग पिशवीत घालून नेतेस ना? मग इथे कॅमेरा का नाही नेलास?”

मैत्रिणींनो, साऱ्या लेन्स-पुराणाचं सार या एका वाक्यात आहे!

बसते, पण चालते का?

लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या खाचेला ‘माउंट’ म्हणतात. बहुतेक कंपन्यांचं माउंट वेगळं. एका कंपनीचं मिक्सरचं भांडं दुसऱ्या मिक्सरवर बसत नाही, तसंच हे. पण नुसतं बसणं पुरेसं नाही, आतलं काम चालायला हवं.

निकॉनचंच बघा. त्यांचं ‘एफ’ माउंट १९५९ सालापासूनचं, म्हणून कितीतरी जुन्या लेन्स त्यावर बसतात. पण फोकस करायला मोटर लागते. काही कॅमेऱ्यांत ती असते, काहींत नसते. डी ३००० आणि डी ५००० या घराण्यांतल्या कॅमेऱ्यांत ती नाही. त्यांना मोटर असलेलीच लेन्स हवी. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं असेल तर मोटर आत आहे. नुसतं ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ असेल तर नाही. शिवाय ‘एएफ-पी’ या नव्या लेन्सचा उलटा घोळ: त्या डी ९० किंवा डी ३२०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत. म्हणजे एका अक्षरात भिशी बुडाली म्हणून समजा!

कॅननच्या १९८७ सालापासूनच्या ‘ईएफ’ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असते, त्यामुळे ती काळजी नाही. तिथे खूण बघायची रंगाची. लेन्सवर लाल ठिपका असेल तर ती ‘ईएफ’. त्यांच्या साऱ्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांवर चालते. पांढरा चौकोन असेल तर ‘ईएफ-एस’. ती फक्त लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी.

२०१८ साली या दोन्ही कंपन्यांनी बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट काढली, कॅननचं ‘आरएफ’ आणि निकॉनचं ‘झेड’. जुन्या लेन्स त्या कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॉप्टर नावाचं कडं मध्ये घालून लावता येतात. पण नवी लेन्स जुन्या एसएलआरवर लागत नाही. आणि मोटर नसलेली निकॉनची लेन्स त्यांच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवरही आपोआप फोकस करत नाही.

सिग्मा, टॅमरॉन या कंपन्या एकच लेन्स वेगवेगळ्या माउंटमध्ये काढतात. तेव्हा ती कोणत्या कॅमेऱ्यासाठीची आहे, आणि मोटर आत आहे का, हे दोन्ही विचारून घ्या.

आकडे समजून घ्या

लेन्सवरचे मिलिमीटरचे आकडे जितके मोठे, तितकं दूरचं जवळ दिसतं. ५५वरून ३००वर गेलात की पक्षी साधारण साडेपाच पट मोठा दिसतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तर ३००ची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या ४५० ते ४८० इतकी दूरवर पोचते. मुलांच्या खेळाच्या स्पर्धांना ५५-२५० पुरते. पक्ष्यांसाठी ३०० तरी हवी.

दुसरा आकडा ‘एफ’चा. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. स्वस्त झूम लेन्स पुढे खेचली की बहुधा एफ ५.६ वर जाते. उन्हात काही बिघडत नाही, पण गॅदरिंगच्या अंधाऱ्या हॉलमध्ये नाचणारी मुलगी धूसर येते. त्यासाठी ७०-२०० एफ २.८ असते, पण तिची किंमत भारी आणि वजन दीड किलोच्या आसपास. अशा कामापुरती ती भाड्यानं आणलेली बरी.

तिसरी गोष्ट हात हलण्याची. लेन्स ३००ला असेल तर शटर निदान एक तीनशेांश सेकंदाचं ठेवावं, आणि लहान सेन्सर असेल तर त्याहून जलद. हात सावरणारी सोय लेन्समध्ये असेल तर घ्याच. निकॉन तिला ‘व्हीआर’ म्हणतं, कॅनन ‘आयएस’, टॅमरॉन ‘व्हीसी’, सिग्मा ‘ओएस’. मात्र ही सोय आपला हात सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही! त्याला जलद शटरच हवं.

दुकानात जाताना

१. कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड बरोबर न्या. लेन्स लावून, पूर्ण खेचून, दारातून लांबच्या पाटीचा फोटो घ्या. फोकस आपोआप होतो का, अक्षरं स्वच्छ येतात का, ते पाहा.

२. वापरलेली लेन्स असेल तर आतून टॉर्च मारून बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. स्वस्त असली तरी घेऊ नका.

३. पावती घ्या, आणि चालली नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. संकोच कसला?

पावसाळ्यात जपा

लोणच्याला जशी बुरशी धरते तशी लेन्सलाही धरते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. चामड्याच्या पेटीत ओल राहते, ती टाळा. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत. धूळ रबरी फुंकणीनं उडवा, आणि पदरानं काच पुसायची सवय मोडा. मधूनमधून कॅमेरा वापरत राहा, हा सर्वांत सोपा उपाय.

आता माझं काय झालं ते सांगते. दुकानदारानं काही पैसे कापून लेन्स परत घेतली. मी थोडी भर घातली आणि या वेळी कॅमेरा नेऊन, मोटर असलेली, हात सावरणारी ५५-३०० घेतली. पैसे गेले त्याची हळहळ वाटली, नाही असं नाही. पण फेब्रुवारीत पुन्हा भिगवणला गेलो, तेव्हा हे आणि सासूबाईही बरोबर होत्या. होडी जराशी थांबली, एका रोहित पक्ष्यानं पंख उघडले, आणि आतला गडद गुलाबी रंग माझ्या कॅमेऱ्यात उतरला.

तो फोटो यांनी स्वतः फ्रेम करून आणला आणि बैठकीत लावला. येणाजाणाऱ्याला सासूबाई सांगतात, “आमच्या सूनबाईनं काढलाय.” आणि मग हळूच पुढे जोडतात, “कुकरची रिंग मात्र मी शिकवली!”