दुसरी किल्ली

२००९ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातील डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी याच शहरात घेतला. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली आणि मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. त्याआधी १९१८ मध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती. हा विषाणू रूप बदलत राहतो. म्हणूनच पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. आपली पेढी तिच्यासाठी सज्ज आहे का, एवढे मात्र आजच तपासता येते.

२०२० च्या टाळेबंदीत दुकाने सरकारी आदेशाने बंद झाली. फ्लूच्या साथीत तसा आदेश येईलच असे नाही. दुकान उघडे असेल, गिऱ्हाईक दारात असेल. पण बारा माणसांपैकी पाच अंथरुणाला खिळलेली असतील. खरी कसोटी तीच.

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणून ‘गोळी घेऊन या, गर्दीचे दिवस आहेत’ हा निरोप महागात पडतो. हिशेब सोपा आहे. रोज ६०० रुपये मिळवणाऱ्या नोकराला पाच दिवसांची भरपगारी रजा दिली, तर खर्च ३,००० रुपये. तो तापातच कामावर आला आणि आणखी तिघे आजारी पडले, तर चौघांचे मिळून वीस दिवस बुडतात. तेही ऐन हंगामात. पगार कापला जाईल या भीतीने माणूस ताप लपवतो. ती भीती काढणे हाच साथीविरुद्धचा पहिला बंदोबस्त होय. औषधाविना चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच परत यावे, हा नियम मालकाच्या मुलालाही लागू असावा. ज्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तेथील पात्र कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. त्याची नोंदणी आणि वर्गणी नियमित आहे ना, हे वेळीच पाहावे.

दुसरा बंदोबस्त कामाचा. बँकांत तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड अन्यत्र सुरक्षित ठेवण्याची रीत आहे. शिवाय संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हेतू गैरव्यवहार उघड करण्याचा. पण त्यातून आपोआप साधते ते हे की, कोणतेही काम एकाच माणसावर अडून राहत नाही.

पेढीवर मात्र उधारी मुनीमजींच्या स्मरणात, संगणकाचा पासवर्ड त्यांच्याच डोक्यात, धनादेशावर सही एकट्या शेठजींची आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर. जीएसटी विवरणपत्राची तारीख कोणाच्या तापासाठी थांबत नाही. बँकेत दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला सहीचा अधिकार द्यावा. येणी-देणी, मुख्य पुरवठादार, देय तारखा यांची यादी करून ती मोहोरबंद पाकिटात घरी ठेवावी. प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार करावा. गल्ल्याजवळ हवा खेळती ठेवावी, हात धुण्याची सोय असावी. वयस्क आणि मधुमेही मंडळींनी वार्षिक फ्लू-लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तयारीची परीक्षा घेण्यास साथीची वाट पाहावी लागत नाही. येत्या महिन्यात एक दिवस मुनीमजींना रजा द्यावी, शेठजींनीही मोबाइल बंद करून घरी बसावे. संध्याकाळी रोजमेळ जुळला, तर दुसरी किल्ली जागेवर आहे असे समजावे. न जुळल्यास चूक कोठे झाली हे कळेल, आणि ती सुधारायला हाताशी वेळ असेल.