आपल्या ओढ्याचा नकाशा कुठे मिळतो?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा पात्र सोडून वाहू लागला. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आणि पद्मावती, सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा वाहत मुठा नदीला मिळणारा हा ओढा एरवी शहरवासीयांच्या लेखी केवळ सांडपाण्याचा नाला. त्या रात्री मात्र त्याने भिंती पाडल्या, वाहने वाहून नेली आणि काठच्या घरांत व सोसायट्यांत पाणी शिरले. शहर व परिसरात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. पूर ओसरल्यानंतर जे प्रश्न उपस्थित झाले, ते प्रत्येक वाढत्या शहराचे आहेत. ओढ्याचे मूळ पात्र कुठून जात होते? ते किती रुंद होते? आणि त्याच्या वाटेवर नेमके काय उभे राहिले?

या प्रश्नांची उत्तरे नकाशांत असतात. ओढ्याकाठी घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला किंवा आपल्या प्रभागातील बांधकामावर हरकत नोंदवू इच्छिणाऱ्या नागरिकाला हे नकाशे आज घरबसल्या, बहुतांशी विनामूल्य मिळू शकतात. अडचण आहे ती दोन गोष्टींची. ही माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली आहे आणि कोणता नकाशा काय सांगू शकतो व काय सांगू शकत नाही, याची कल्पना नसल्याने तिचा अर्थ लावताना गफलत होते.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच ‘जीआयएस’, ही संकल्पना समजायला सोपी आहे. एकाच परिसराचे रस्ते, ओढे, इमारती, जमिनीचा चढउतार आणि मालकीच्या हद्दी वेगवेगळ्या पारदर्शक कागदांवर काढून ते एकमेकांवर अचूक ठेवले, तर त्यांचे परस्परसंबंध दिसू लागतात. संगणकावर हेच काम अक्षांश-रेखांशांच्या आधारे होते. प्रत्येक कागदाला येथे ‘थर’ म्हणतात. आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहाचा शोध घ्यायचा तर कोणते थर लागतील आणि ते कोठून मिळतील, हे क्रमाने पाहू.

कुलूपबंद नकाशांचा काळ

भारतीय सर्वेक्षण विभागाची, म्हणजेच ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ची स्थापना १७६७ सालची. देशाची इंच न् इंच मोजणी करणाऱ्या या विभागाचे तपशीलवार नकाशे स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील मानले गेले. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीलगतच्या प्रदेशांचे नकाशे तर सामान्य नागरिकाला सहजी मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने प्रथमच दोन स्वतंत्र मालिका ठरवल्या: एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी, ‘ओपन सीरिज’, सर्वांसाठी.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. २०१६ मध्ये केंद्र सरकारने मांडलेल्या भूअवकाशीय माहितीविषयक विधेयकाच्या मसुद्यात परवानगीविना अशी माहिती बाळगणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवण्यात आली होती. त्यावर मोठी टीका झाली आणि त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी दिशाच बदलली. भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आणि वापरण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा सूक्ष्म माहितीबाबतची बंधने प्रामुख्याने परदेशी संस्थांपुरती राहिली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूअवकाशीय धोरणाने यापुढे जाऊन सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती सहज उपलब्ध व्हावी, हे तत्त्व मांडले.

ओढ्याचा जुना मार्ग

शोधाची सुरुवात सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशापासून, म्हणजेच बोलीभाषेतील ‘टोपोशीट’पासून करावी. एकास पन्नास हजार प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना विभागाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येऊ लागले. त्यासाठी नोंदणी करावी लागते. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार मध्य पुणे ‘४७ एफ/१४’ या नकाशात येते, तर कात्रज त्याच्या दक्षिणेच्या ‘४७ एफ/१५’ मध्ये. म्हणजे एकाच ओढ्याचा उगम आणि संगम पाहण्यासाठी दोन नकाशे जोडावे लागतात.

या नकाशावर ओढ्याची निळी रेषा दिसते, वस्ती दिसते आणि समोच्च रेषाही दिसतात. मात्र येथे एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर, हे विसरता कामा नये. समोच्च रेषांमधील अंतर साधारणपणे वीस मीटरचे असते. त्यामुळे प्रवाह कोणत्या दिशेने जात होता हे हा नकाशा सांगतो, पण पात्र बारा मीटरचे होते की वीस मीटरचे, हे सांगत नाही.

आणखी मागे जायचे असेल, तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने विसाव्या शतकाच्या मध्यात काढलेले भारताचे एकास अडीच लाख प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत. लहान ओढ्यांसाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे. शहर पसरण्यापूर्वीची गावे आणि मोठे प्रवाह मात्र त्यांत स्पष्ट दिसतात.

आकाशातून दिसणारा बदल

दुसरा थर उपग्रह छायाचित्रांचा. अमेरिकेचा लँडसॅट कार्यक्रम १९७२ पासून सुरू आहे आणि त्याचा सारा साठा २००८ पासून विनामूल्य खुला झाला. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘सेंटिनेल-२’ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात गेला. त्याची छायाचित्रेही कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतात. लँडसॅटच्या १९८० च्या दशकापासूनच्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरील तीस मीटर बाजूच्या चौकोनाएवढा असतो, सेंटिनेलचा दहा मीटरचा. कात्रजच्या उतारांवरील हिरवाई केव्हा आटली, वस्ती कोणत्या दशकात कुठवर पोहोचली, हे या चित्रांवरून उत्तम कळते. एखादी भिंत पात्रात सरकली की नाही, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

त्यासाठी अधिक सूक्ष्म चित्र हवे. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय आहे आणि मोठ्या शहरांसाठी गेल्या दोन दशकांतील चित्रे तेथे सापडतात. मात्र ही चित्रे पाहण्यासाठी मोफत असली, तरी ती सार्वजनिक मालकीची नाहीत आणि त्यांच्या वापरावर अटी आहेत. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २००९ मध्ये ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. जमिनीच्या वापराचे नकाशे तेथे पाहता येतात, तर याच केंद्राच्या ‘भूनिधी’ या दालनातून भारतीय उपग्रहांची अनेक चित्रे विनामूल्य मिळतात.

पाणी कुठून येते?

तिसरा थर जमिनीच्या उंचसखलपणाचा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साह्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. ‘एसआरटीएम’ या नावाने ओळखली जाणारी ही आकडेवारी खुली आहे. भारताच्या कार्टोसॅट उपग्रहावरून तयार केलेली तशीच आकडेवारीही उपलब्ध आहे. तिच्या आधारे डोंगरावर पडलेला थेंब कोणत्या वाटेने ओढ्याला मिळतो आणि ओढ्याचे पाणलोट क्षेत्र किती, याचे गणित घरच्या संगणकावर करता येते.

येथेही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. अशा आकडेवारीत उंचीची चूक काही मीटरची असू शकते आणि दाट शहरात जमिनीऐवजी इमारतींच्या माथ्यांचीच उंची नोंदली जाते. दोन मीटर पाणी चढले तर कोणते घर बुडेल, हे तिच्यावरून सांगणे धोक्याचे आहे. २०२२ च्या धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेची उंचीची माहिती देशभर तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. तोवर स्थानिक संस्थांनी केलेली प्रत्यक्ष मोजणी हाच विश्वसनीय आधार राहील.

कागदावरच्या हद्दी

चौथा थर सर्वांत कळीचा आणि सर्वांत किचकट. भूमी अभिलेख विभागाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सर्व्हे किंवा गट क्रमांकांचे नकाशे पाहता येतात. अनेक जुन्या गाव नकाशांत ओढ्याची जागा वेगळी दाखवलेली असते. शहराच्या विकास आराखड्यात रस्ते, आरक्षणे आणि नाले दाखवलेले असतात. नद्यांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. ढोबळमानाने निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते.

संकेतस्थळावरील हे नकाशे माहितीपुरते असतात. खरेदीखत, हरकत किंवा न्यायालयीन कामासाठी संबंधित कार्यालयाची प्रमाणित प्रतच घ्यावी लागते.

या सर्वांच्या जोडीला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केलेला नकाशा आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातील रस्ते, इमारती आणि प्रवाहांची माहिती श्रेय देण्याच्या व सुधारित माहिती पुन्हा खुली ठेवण्याच्या अटीवर कोणालाही उतरवून घेता येते. जिथे स्वयंसेवक जागरूक, तिथे हा नकाशा अत्यंत तपशीलवार असतो. इतरत्र तो रिकामा असू शकतो.

थर एकावर एक ठेवताना

हे सारे एकत्र आणण्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची आवश्यकता नाही. २००२ मध्ये सुरू झालेले ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर मोफत आणि खुले आहे. विकास आराखड्याची पीडीएफ ही संगणकाच्या दृष्टीने नुसते चित्र असते. पूल, चौक, मंदिर अशी न बदललेली ठिकाणे चित्रावर आणि उपग्रह छायाचित्रावर जुळवून दिली की ते चित्र अक्षांश-रेखांशांत बसते.

येथे नवख्या अभ्यासकाची हमखास फसगत होते. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत, तर उपग्रह, जीपीएस आणि खुल्या मालिकेचे नकाशे ‘डब्ल्यूजीएस-८४’ या नव्या मापनावर. त्यामुळे दोन्हीकडचे तेच अक्षांश-रेखांश पुण्यासारख्या ठिकाणी जमिनीवर शंभर मीटरहून अधिक अंतरावर पडू शकतात. हे रूपांतर न करता जुना ओढा नव्या छायाचित्रावर ठेवला, तर तो निर्दोष सोसायटीतून वाहताना दिसेल आणि खरे अतिक्रमण नजरेआड होईल. म्हणून प्रत्येक थराबाबत चार गोष्टी नोंदवून ठेवाव्यात: तो कोणत्या वर्षीचा आहे, त्याचे प्रमाण किती, तो कोणत्या मापनावर आधारलेला आहे आणि त्याच्या वापराच्या अटी कोणत्या.

जे सापडत नाही त्यासाठी

नाल्यांची रुंदी, पावसाळी गटारांचे जाळे, मोऱ्यांची मापे, प्रत्यक्ष मोजणीचे आकडे ही सर्वांत उपयुक्त माहिती बहुधा स्थानिक संस्थांच्या कार्यालयांतच असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागण्याचा मार्ग दिला आहे. या कायद्याच्या कलम २ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेली आकडेवारी हीदेखील ‘माहिती’च आहे आणि ती त्याच स्वरूपात मिळवण्याचा हक्क नागरिकाला आहे. त्यामुळे अर्जात केवळ ‘नकाशा द्यावा’ असे न लिहिता, ‘उपलब्ध असल्यास शेपफाइल किंवा केएमएल स्वरूपात द्यावा’ असे स्पष्ट लिहिणे हिताचे ठरते. छापील नकाशाची झेरॉक्स पाहता येते; शेपफाइल मोजता येते. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते.

घरच्या संगणकावर तयार झालेला नकाशा हा पुरावा नव्हे, तर प्रश्न विचारण्याचे साधन आहे. जुन्या नकाशात अमुक सर्व्हे क्रमांकातून ओढा वाहत होता, आजच्या छायाचित्रात तेथे वाहनतळ आहे, मग प्रवाह वळवण्याची परवानगी कोणी आणि कोणत्या मोजणीवर दिली? असा नेमका प्रश्न लेखी आला की त्याला मोघम उत्तर देणे प्रशासनाला अवघड जाते. असा प्रश्न घर खरेदी करण्यापूर्वी, आराखड्यावर हरकतींची मुदत संपण्यापूर्वी आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी विचारला गेला, तरच त्याचा खरा उपयोग आहे. पूर येऊन गेल्यावर त्याच नकाशाचे काम केवळ चौकशी अहवालाला जोडण्यापुरते उरते.