नाताळाचा पर्वकाळ

नाताळ म्हणजे डिसेंबरची २५ तारीख, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शहरांतील दुकानें महिनाभर आधींच ताऱ्यांनीं व रंगीत दिव्यांनीं सजतात, त्या दिवशीं उत्साह शिगेला पोंचतो, आणि २६ तारीख उजाडते न उजाडते तोंच सारी शोभा उतरविण्यास सुरुवात होते. ख्रिस्ती पंचांगांत मात्र या सणाची मांडणी अगदीं निराळी आहे. त्यांत आधीं सुमारें चार आठवड्यांचा प्रतीक्षेचा काळ, मग सण, आणि सणानंतर बारा दिवसांचा उत्सव अशी योजना आहे. बाजारानें हा क्रम उलटा करून टाकला. वाट पाहावयाच्या दिवसांत त्यानें उत्सव आणला, आणि उत्सवाच्या दिवसांत शुकशुकाट. दिवाळीचा फराळ महिनाभर आधींच खाऊन संपविला आणि पाडवा उजाडण्यापूर्वींच आकाशकंदील उतरवून ठेवला, तर त्या घरांतील मुलांच्या पदरीं काय पडेल, याची कल्पना मराठी कुटुंबांस सहज करतां येईल.

प्रतीक्षेच्या या काळास 'ॲडव्हेंट' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आगमन असा आहे. पाश्चात्य चर्चमध्यें नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं त्याचा आरंभ होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. पूर्वीं हा काळ उपवासाचा व आत्मपरीक्षणाचा मानीत, आणि त्याची खूण म्हणून या दिवसांत धर्मगुरु अद्यापहि उपासनेच्या वेळीं जांभळीं वस्त्रें परिधान करतात.

वाट पाहणें मोठ्या माणसांना कसेंबसें जमतें. लहान मुलांना तें शिकवावें लागतें. याची एक सुंदर युक्ति जर्मनींतील योहान हिनरिख विखर्न या धर्मोपदेशकानें काढली. निराधार व दरिद्री मुलांसाठीं त्यांनीं १८३३ सालीं हांबुर्ग येथें 'राउहेस हाउस' नांवाचा आश्रम स्थापन केला होता. नाताळ केव्हां येणार, असें तेथील मुलें त्यांना रोज विचारीत, म्हणून सांगतात. १८३९ सालीं विखर्न यांनीं गाडीचें एक लांकडी चाक घेतलें, त्यावर चार रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठीं लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या, व रोज एक मेणबत्ती अधिक लावण्यास प्रारंभ केला. आतां मुलांना प्रश्न विचारण्याचें कारण उरलें नाहीं. किती दिवस गेले आणि किती राहिले, हें त्यांना डोळ्यांनींच दिसूं लागलें. ज्यांना स्वतःचें घर नव्हतें अशा मुलांसाठीं निघालेली ही चाल पुढें घरोघर पसरली. घरांतील मेजावर एवढें मोठें चाक मावेना, तेव्हां हिरव्या डहाळ्यांचें कडें आणि चार रविवारांच्या चारच मेणबत्त्या राहिल्या. रविवारीं सायंकाळीं कुटुंबांतील सर्वांनीं त्या कड्याभोंवतीं बसावें, एक ज्योत अधिक लावावी, एखादें गीत म्हणावें, शास्त्रांतील उतारा वाचावा, एवढाच त्याचा विधि.

याहूनहि साधी रीति म्हणजे दारावर खडूनें चोवीस रेघा ओढावयाच्या आणि मुलांनीं रोज एक पुसावयाची. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील प्रॉटेस्टंट घरांत ती प्रचारांत होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेलीं छापील ॲडव्हेंट-पंचांगें अशा रीतींतूनच जन्मास आलीं. आज त्यांच्या चिमुकल्या खिडक्यांआड बहुधा चॉकलेट दडविलेलें असतें. रेघ पुसणाऱ्या मुलाच्या हातीं खडूच्या धुळीवांचून कांहीं लागत नसे. वाट पाहण्याचा एक दिवस कमी झाला, हीच त्याची प्राप्ति.

त्याच देशांत ४ डिसेंबरला, म्हणजे संत बार्बराच्या दिवशीं, चेरीच्या झाडाची डहाळी तोडून घरांत पाण्यांत ठेवण्याची चाल आहे. ती डहाळी वरून पाहतां निव्वळ काष्ठ दिसते. तथापि तिच्यावरील कळ्या मागील उन्हाळ्यांतच तयार होऊन निद्रिस्त झालेल्या असतात. कांहीं आठवडे पुरेशी थंडी सोसल्यावांचून त्यांची ही निद्रा मोडत नाहीं. मात्र तेवढी थंडी सोसून झाल्यावर घराची ऊब मिळाली म्हणजे सुमारें तीन आठवड्यांत त्या उमलतात, आणि बाहेर हिमवर्षाव चालू असतां घरांत नाताळच्या सुमारास पांढरीं फुलें दिसतात. थंडी अपुरी पडली असली तर डहाळी कोरडीच राहते. तिचें पाणी बदलण्याचें काम घरांतील धाकट्या मुलाकडे दिलें, तर उपदेशानें जें समजावतां येत नाहीं तें त्या मुलास आपोआप कळतें.

अशा रीतीनें वाट पाहिली म्हणजे २४ तारखेच्या सायंकाळचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. जर्मन घरांच्या जुन्या रिवाजाप्रमाणें नाताळवृक्ष बंद दाराआड सजविला जाई. आंतून घंटी वाजल्यावर दार उघडे आणि तेव्हांच मुलांना तो प्रथम दिसे. मग २५ व २६ हे दोन्ही दिवस सणाचे, आणि आजहि त्या देशांत दोन्ही दिवस सुट्टी असते.

खरा उत्सव येथून सुरू होतो. नाताळापासून ६ जानेवारीच्या सणापर्यंतचे दिवस उत्सवाचे मानावे, असें फ्रान्समधील तूर येथील धर्मसभेनें ५६७ सालीं मान्य केलें होतें. या बारा दिवसांना स्वतःचा आशय आहे. २६ तारीख संत स्टीफनची. आरंभीच्या ख्रिस्ती समाजांत विधवांना रोजचें अन्न नीट मिळावें म्हणून जे सात जण नेमले गेले, त्यांपैकीं हा एक. त्या दिवशीं घरांतील फराळाचा वांटा एखाद्या एकाकी वृद्धाकडे पोंचविण्याहून अधिक उचित तें काय? २८ तारीख हेरोद राजानें मारविलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणाची. तो दिवस घरांतील मुलांचा मानण्याची चालहि कित्येक ठिकाणीं आहे. सर्व भेटवस्तु एकाच सकाळीं उघडून कंटाळून बसण्यापेक्षां भेटीगाठी, वाचन व गायन या बारा दिवसांत वांटून घेतलें, तर सण अंगीं मुरतो.

सहा जानेवारी हा पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचा दिवस. मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्यांची संख्या दिलेली नाहीं, आणि त्यांना राजेहि म्हटलेलें नाहीं. सोनें, ऊद व गंधरस या तीन नजराण्यांवरून परंपरेनें त्यांना तीन ठरविलें आणि मागाहून मुकुट चढविले. जर्मनींत या सुमारास मुलें राजांचा वेष घेऊन, हातीं तारा धरून दारोदार गात जातात आणि चौकटीवर खडूनें आशीर्वाद लिहितात. १९५९ पासून तेथें या फेरीला संघटित स्वरूप आलें असून तींत जमणारा निधि जगांतील गरजू मुलांसाठीं खर्च होतो.

पूर्वेकडून निघालेल्या या राजांचा सण पूर्वेसहि थाटानें होतो. गोव्यांत रेईश मागूश, चांदर व कांसावली येथें ६ जानेवारीला लहान मुलगे राजवेषांत मिरवतात. कांसावलीच्या उत्सवांत शेजारच्या तीन गांवांतून एकेक मुलगा निवडला जातो, आणि घोड्यावर बसून ते तिघे टेंकडीवरील देवालयाकडे जातात. त्याच गोव्यांत नाताळच्या नेवऱ्या व दोदोल हिंदु शेजाऱ्यांच्या घरीं जातात, आणि चतुर्थी-दिवाळीचा फराळ ख्रिस्ती घरीं येतो. सणाचा अवधि लांबला म्हणजे शेजाऱ्यालाहि त्यांत जागा मिळते.

१९६९ च्या सुधारलेल्या कॅथॉलिक पंचांगाप्रमाणें हा पर्वकाळ जानेवारींत ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणानें संपतो. जुनी गणना मात्र चाळीस दिवसांची आहे. बाळ येशूला मंदिरांत नेलें तो दिवस म्हणून २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांवर आशीर्वाद मागतात, आणि पोलंडांतील कित्येक घरांत तोंवर नाताळची गीतें गातात. संक्रांतीचें हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालविणाऱ्या मराठी गृहिणीला यांत नवल वाटावयाचें नाहीं. येणारीं माणसें पुष्कळ, त्यांना एका दिवसांत बोलावणें होत नाहीं, हें तिला ठाऊक असतें.

हें सारें पाळण्यास पैसा फारसा लागत नाहीं. चार मेणबत्त्या, खडूचा तुकडा आणि पाण्यांत ठेवलेली एक डहाळी एवढें साहित्य पुरे. कठिण आहे तें एवढेंच, कीं महिनाभर बाजार घाई करीत असतां घरानें थांबावें, आणि बाजारानें दिवे मालविल्यावर घरानें आपला दिवा लावून ठेवावा.