जुना लॅपटॉप घेतांना

१९९५ सालीं आय. बी. एम. कंपनीनें ‘थिंकपॅड ७०१’ हा लॅपटॉप विक्रीस काढला. झांकण उघडतांच त्याच्या कळफलकाचे दोन तुकडे सरकून एकमेकांस जुळतात आणि कळफलक यंत्राहूनहि रुंद होतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत स्थान मिळालेलें हें यंत्र हौशी लोक आज ईबेसारख्या संकेतस्थळांवर शोधीत असतात.

परंतु नुसत्या छायाचित्रावर भुलणारा ग्राहक ठकण्याचा संभव फार. आंतील जुनी बॅटरी पाझरली, कीं तिच्यांतील क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. वरून यंत्र मात्र नवेंकोरें दिसतें. म्हणून पडदा उजळलेला असतांनाचें आणि शक्य तर आंतील भागाचेंहि छायाचित्र विक्रेत्याकडून आधीं मागवावें. दुसरा धोका परवलीच्या शब्दाचा. पुष्कळ थिंकपॅडांत मूळ मालकाचा हा शब्द वेगळ्या चिपेंत साठविलेला असतो. बॅटरी काढल्यानें तो पुसला जात नाहीं.

‘चालवून पाहिलेला नाहीं’ असें जेथें लिहिलें असेल, तेथें यंत्र बंदच आहे असें धरून किंमत द्यावी. दुरुस्तीची हौस असणाऱ्यानें असा सौदा खुशाल करावा. रोजच्या कामासाठीं यंत्र हवें असणाऱ्यानें मात्र हात आंखडता घ्यावा.