खेळातलं गणित (लेखांक ६) : ऑक्टोबरमध्येच कुणाला बसवायचं?

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने जास्त की क्रिकेटचे जाणकार, हे सांगणं अवघड आहे. रणजीचे पहिले दोन सामने उरकले की यशवंत स्टेडियमच्या आसपास चहा पिता पिता विदर्भाच्या फलंदाजांची तपासणी सुरू होते. "याच्यात काही राहिलं नाही बावा, बसवा याले." "त्याचा पायच निघत नाही समोर." "सलामीले दुसरा पोरगा पाहा." कोणी किती धावा केल्या ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. नवा माणूस बोलायला लागला तर त्याला आधी मागच्या चार डावांचे आकडे म्हणून दाखवावे लागतात.

हा संताप नवा आहे, आणि तो विदर्भाने स्वतः कमावलेला आहे. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक आला, तोपर्यंत विदर्भ साखळीतून पुढे गेला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती. पुढच्याच वर्षी नागपूरजवळच्या जामठ्यात सौराष्ट्राला हरवून दुसरा करंडक. २०२३-२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामन्यात हार, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक. एवढं पाहिलेल्या माणसाला ऑक्टोबरमधला २२ धावांवरचा झेल सहन होत नाही.

मागच्या लेखांकात नाणेफेकीचा हिशेब मांडला होता. आज प्रश्न असा : हंगामाच्या पहिल्या तीन-चार डावांवरून फलंदाजाबद्दल कितपत काही कळतं?

समजा, एका फलंदाजाची खरी कुवत ४० च्या सरासरीची आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून धरून चालू की तो खेळपट्टीवर असेपर्यंत, प्रत्येक पुढची धाव काढण्याआधी बाद होण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ४१ त एक. असा भरवशाचा माणूस १०० डावांतल्या साधारण ३९ डावांत वीसच्या आत परततो. सलग तीन डाव वीसच्या आत जाण्याची शक्यता १०० त ६. कमी वाटते ना? पण संघात फलंदाज एकटा नसतो. पहिल्या सहाही जणांची कुवत ४० ची धरली, तरी त्यांच्यापैकी निदान एकाचे पहिले तीनही डाव वीसच्या आत जाण्याची शक्यता १०० त ३० च्या आसपास भरते. म्हणजे कोणाचंही काहीही बिघडलेलं नसताना, दर तीन-चार हंगामांत एकदा तरी चहावाल्यासमोर एक 'संपलेला' फलंदाज तयार असणारच. शिवाय प्रत्यक्षात खेळायला आल्या आल्या बाद होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा वरच जाईल.

हे कागदावरचं गणित पटत नसेल, तर विदर्भाच्याच ड्रेसिंग रूममधलं उदाहरण घ्या. करुण नायरने २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत विदर्भाचं नेतृत्व करताना ८ डावांत ७७९ धावा केल्या. पाच शतकं, आणि सरासरी ३८९.५०. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो भारताकडून इंग्लंडमध्ये खेळला. तिथेही डाव ८ च. धावा ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. बेरीज २०५, सरासरी २५.६२. माणूस तोच, वर्ष तेच, डावही तेवढेच.

यावर टपरीवरचा हुशार माणूस लगेच म्हणणार, "एक पन्नास षटकांचा खेळ, दुसरा कसोटी. इकडे पांढरा चेंडू, तिकडे इंग्लंडचा ड्यूक्स." बरोबर आहे, आणि फरकाचा मोठा भाग त्यातच आहे. पण ३८९.५० हा आकडा कसा तयार झाला तेही बघा. त्या आठ डावांत नायर बादच दोनदा झाला. सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, बाद होण्याच्या संख्येने भागतात. त्यामुळे ७७९ भागिले २. अंतिम सामन्यात कर्नाटकविरुद्ध तो २७ वर बाद होण्याआधी हीच सरासरी ७५२ होती. एका विकेटने सरासरी जवळपास अर्धी होत असेल, तर त्या आकड्यावर कोणाचं मोठेपण ठरवायचं, आणि तसंच कोणाचं अपयशही? पहिल्याच सामन्यात दीडशे मारणाऱ्याला आपण डोक्यावर घेतो, तेव्हाही चूक हीच असते. फक्त तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना ही चूक करायची सवय आपल्याहून जुनी आहे. तिथे मार्चअखेरीस हंगाम सुरू होतो, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक शहरात कोणाला बाहेर काढायचं याच्या याद्या तयार असतात. १९७० च्या दशकातल्या मारिओ मेंडोझा नावाच्या खेळाडूवरून तर एक रेषाच ओळखली जाते : शंभर संधींत वीसपेक्षा कमी यशस्वी फटके असले की माणूस 'मेंडोझा रेषे'खाली गेला. गंमत म्हणजे खुद्द मेंडोझाची कारकिर्दीतली सरासरी त्या रेषेच्या वर, २१.५ होती.

पण त्यांच्याकडे वेळ आहे. एका संघाचे हंगामात १६२ सामने, आणि नियमित खेळणाऱ्याला दर सामन्यात साधारण चार वेळा बॅट हातात घ्यायला मिळते. विदर्भाच्या फलंदाजाला साखळीत सात सामने, म्हणजे जास्तीत जास्त १४ डाव. एखादा सामना डावाने जिंकला, एखादा पावसाने वाया गेला की त्यातलेही दोन-तीन कमी. त्यात आता रणजी दोन तुकड्यांत खेळवतात. आधी पाच सामने, मग मधे टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धा, आणि उरलेले दोन जानेवारीत. लय सापडते न सापडते तोच लाल चेंडू दोनेक महिने कपाटात जातो.

म्हणून बेसबॉलमधल्या हिशेबी लोकांनी वेगळी वाट काढली. सुरुवातीच्या आठवड्यांत ते सरासरीकडे फारसं बघत नाहीत. तीन स्ट्राइक होऊन परतण्याचं प्रमाण किती, चेंडू बॅटवर बसला तेव्हा किती जोरात गेला, हे बघतात. कारण या गोष्टी लवकर स्थिरावतात; यशस्वी फटक्यांची सरासरी स्थिरावायला अख्खा हंगाम कमी पडतो. जोरात मारलेला चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात जाणं, हे दुर्दैव असतं. चेंडूला बॅटच न लागणं, हा आजार.

आपल्याला असं काय बघता येईल? धंतोलीतला कुठलाही डॉक्टर एकदा घेतलेल्या रक्तदाबावरून आयुष्यभराची गोळी लिहून देत नाही, तशी इथेही मोजणी पुन्हा पुन्हा हवी. आणि काय मोजायचं ते धावांच्या रकान्याशेजारीच छापलेलं असतं. किती चेंडू खेळला? ७० चेंडू खेळून २२ वर गेलेला सलामीवीर आणि ६ चेंडूंतच परतलेला सलामीवीर, हे दोन वेगळे रुग्ण आहेत. पहिल्याने नवा चेंडू जुना करून दिला. धावबाद झाला असेल तर तो डाव हिशेबातून जवळजवळ काढूनच टाका. लेगच्या बाहेरचा चेंडू ग्लव्ह्जला लागून यष्टिरक्षकाकडे गेला, तर तेही फार मनावर घेऊ नका. मात्र एकच माणूस तीनदा आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत किंवा त्रिफळाचीत झाला, तर टपरीवरचा "पाय निघत नाही" हा शेरा खरा असू शकतो. इथे डोळा आकड्याच्या पुढे असतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

सलामीवीरांना आणखी एक सवलत द्यायला हवी. पावसाळा नुकताच संपलेला, सकाळी खेळपट्टीत ओल, हातात नवाकोरा एसजी चेंडू. आणि हे फक्त ऑक्टोबरचं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत जामठ्यातल्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाच्या पहिल्या तिघांनी मिळून १७ धावा केल्या. ३ बाद २४. त्याच खेळपट्टीवर, त्याच दिवशी, दानिश मालेवार आणि करुण नायरने २१५ ची भागीदारी रचली. मालेवारच्या १५३ आणि नायरच्या ८६ धावांचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्या मापाने पहिल्या तिघांना मोजणं अन्याय आहे. नवा चेंडू सहसा टळतो अशा मधल्या फळीतल्या यश राठोडने त्याच हंगामात ९६० धावा केल्या, त्या देशात सर्वाधिक होत्या.

निवड समित्यांनाही घाई होतेच. १९२८ मध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत १८ आणि १ धाव काढणाऱ्या एका पोराला ऑस्ट्रेलियाने पुढच्या सामन्यात बाहेर बसवलं. तो डॉन ब्रॅडमन होता. आता प्रत्येक अपयशी पोरगा ब्रॅडमन निघत नाही, हे उघड आहे. बहुतेक जण अपयशीच निघतात. पण दोन डावांत ते ओळखता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : पहिले पाच सामने होईपर्यंत सरासरीवरून कुणाला बसवू नका. बाद कसा झाला, किती चेंडूंनंतर झाला, हे मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात नाबाद खेळींकडे वळू. सरासरी फुगवण्यात त्यांचा हात किती, आणि मधल्या फळीला त्याचा फायदा जास्त का मिळतो, ते पाहू. तोवर या हंगामाच्या तुमच्या नोंदी तयार ठेवा, त्या लागतील.